घाटावरची हजेरी

माझ्या घशाला खाज सुटते, तिला औषध नाही. कुणी जरा वेगळं बोललं की दोन मिनिटांत तो माणूस माझ्या घशात येऊन बसतो आणि बाहेर पडायला बघतो. सिन्नरच्या शाळेत या खोडीपायी इतक्या छड्या खाल्ल्या की हेडमास्तरांचा आवाज मला छडीच्या सुईं-सपाकसकट पाठ झाला. पुढे नाशकात म्युनिसिपालटीत हंगामी कारकून म्हणून चिकटलो. हंगामी म्हणजे साहेबांची मर्जी असेपर्यंत. तरी खोड गेली नाही. संध्याकाळी कचेरी सुटली की माझ्या टेबलाभोवती गर्दी व्हायची.

"रावसाहेब काढ रे!"

रावसाहेब म्हणजे आमचे अध्यक्ष. "मी काय म्हणतो" असं म्हणायचे आणि मग बराच वेळ काहीच म्हणायचे नाहीत. ते सोपं होतं. अवघड होते ते पंपघरातले मिस्त्री. नदीकाठच्या विहिरीतून गावासाठी पाणी ओढणाऱ्या त्या तेलाच्या एंजिनाला त्यांच्याशिवाय कुणाचा हात चालत नसे. जुन्या नाशकातले मुसलमान, पंचावन्नच्या पुढचे. घरात उर्दू, पंपघरात मराठी, आणि एंजिनाशी जी भाषा बोलत ती इथे लिहिता येणार नाही. बिडीमुळे बोलण्याआधी खोकत. दोन कोरडे, एक ओला, मग शब्द. तो ओला खोकला जमवायला मला आठ दिवस लागले. दुपारचा डबा मी त्यांच्याच ओट्यावर बसून खाई. मी त्यांना चाचा म्हणे, ते मला सिन्नरवाले म्हणत.

त्या वर्षी श्रावण लागला तरी पाऊस नव्हता. गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, पाण्यापेक्षा दगड जास्त दिसायला लागले. गावाची टाकी कोरडी. एंजिन चालू असेल तेवढाच वेळ नळाला पाणी. अशात रावसाहेबांनी सभेत ठराव आणला की शहराच्या वतीने महादेव पाण्यात कोंडावा. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवायची, देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो. माझी आईसुद्धा त्याच महिन्यात गावच्या बायकांबरोबर घागरी ओतून आली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मनात आलं, गेली.

सभेत एक वकील सभासद होते. ते उठले. "रावसाहेब, तुम्ही घरून लोटा घेऊन निघा, मीही माझा घेऊन येतो. पण ठराव कशाला? ठराव करून पाऊस मागायचा तर मग मी उपसूचना मांडतो. सटाण्याकडे जरा जास्त, पेठ तालुक्याकडे तसाही पडतो, तिथे कमी."

सभा हसली. दोन मुसलमान सभासद होते. ते हसू की नको अशा विचारात असताना ठराव पास झाला.

मग सर्क्युलर निघालं, ते मीच लिहिलं, माझ्या वळणदार अक्षरात. "सर्व जातिधर्मांच्या नोकरांनी सोमवारी सकाळी आठ वाजता घाटावर हजर राहावे. हजेरी घेतली जाईल. गैरहजर राहणाऱ्याकडून लेखी खुलासा घेण्यात येईल." नदीत घागर बुडेल एवढंही पाणी नव्हतं, म्हणून देवळाजवळच्या नळाला जाड किरमिची कापडाचा पाइप लावून गाभारा भरायचा होता. म्हणजे त्या वेळी एंजिन चालू पाहिजे.

सर्क्युलरवर सही घ्यायला पंपघरात गेलो.

"म्हणजे मी आठ वाजता एंजिन चालवायचं," चाचा कागद डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले, "आणि आठ वाजताच घाटावर उभं राहायचं?"

"लिहिलंय तर तसंच."

"मग जाताना करवत देऊन जा. अर्धा इथे राहतो, अर्धा तिकडे पाठवतो." दोन कोरडे, एक ओला. "और सुन, एंजिन नसतं तरी मी आलो नसतो. तुमच्या देवाशी माझं भांडण नाही, बेटा. जुम्म्याला आमच्यातही पावसासाठी दुआ झाली. हजेरी नाही घेतली कुणी."

"खुलासा मागतील, चाचा."

"देईन."

ते ‘देईन’ मी ऐकलं, पण माझं लक्ष त्यांच्या खोकल्याकडे होतं.

सोमवारी घाटावर ही गर्दी. रावसाहेब सोवळं नेसून, डोक्यावर मात्र सभेची पगडी. सभासदांना खुर्च्या, मुसलमान सभासदांच्या खुर्च्या जरा मागे, पिंपळाच्या सावलीत. झाडूखात्यातली माणसं पलीकडच्या काठाला, उन्हात. त्यांची हजेरी मुकादम ओरडून घेत होता. ‘सर्व जातिधर्मांच्या’ हे शब्द मी लिहिले होते, मधली नदी मी लिहिली नव्हती. वरच्या अंगाला पंपघर. तिथून एंजिनाची टक-टक ऐकू येत होती आणि पाइपातून पाणी गाभाऱ्यात पडत होतं.

भटजींनी हातात पाणी घेऊन विचारलं, "यजमानांचं गोत्र?"

रावसाहेबांनी आपलं सांगितलं.

"हरकत आहे," वकील खुर्चीतूनच म्हणाले. "यजमान तुम्ही नाही. ठरावात शहर आहे. म्युनिसिपालटीचं गोत्र सांगा."

रावसाहेब म्हणाले, "मी काय म्हणतो..." आणि थांबले. हेडक्लार्कने उगाच दप्तर उघडून पाहिलं, जसं काही गोत्र जावक रजिस्टरात सापडणार होतं.

भटजी बिचारे घाईत होते. "ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. चला." आणि आमची अख्खी म्युनिसिपालटी, खुर्च्या, नळ, कंदील, पिंपळाखालचे दोघे आणि पलीकडच्या काठासकट काश्यप गोत्राची झाली.

मला हसू आवरेना. तेवढ्यात आमच्या काठाची हजेरी सुरू झाली. हेडक्लार्क मंत्राच्या मध्येमध्ये, हळू आवाजात, हुद्द्याने पुकारत होते. जकात नाका, हजर. कंदीलवाला, हजर. माझी चुळबुळ वाढली. मिस्त्रींचं पुकारलं की शांतता होणार, हेडक्लार्कची पेन्सिल फुली मारणार, आणि त्या फुलीतून खुलासा, मेमो, काय काय निघणार. अठरा वर्षांची नोकरी आणि एक फुली.

"पंपघर, मिस्त्री!"

मी एका जाड्या माणसाच्या मागे होतो. विचार करायला वेळच मिळाला नाही, खरं सांगायचं तर मिळाला असता तरी केला नसता. दोन कोरडे, एक ओला. "हाजिर, साब!"

कुणी वळून पाहिलं नाही. इतकं बेमालूम जमलं होतं. पेन्सिलीने टिंब दिलं. मी स्वतःवर असा खूष होतो की टक-टक बंद झालेली मला सगळ्यांत शेवटी कळली.

पाइप दोनदा उचकला आणि आडवा पडला. पिंड अर्धी बुडाली होती, अर्धी उघडी. भटजी थांबले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अपशकुन," आणि मग तो शब्द पायरीपायरीने वर गेला.

दुसऱ्या दिवशी मेमो निघाला. मिस्त्री हजेरीत हजर, म्हणजे एंजिन वाऱ्यावर सोडून आले. एंजिन बंद पडून धर्मकार्यात विघ्न आलं. कामावरून दूर का करू नये? गुरुवारी रावसाहेबांसमोर यावं. त्याची नक्कलही मलाच करायला दिली. म्हणजे कागदावरची. दोन कागद फाडले, तिसऱ्यावर शाई सांडली.

दुपारी हेडक्लार्कने मला जिन्याखाली गाठलं. "तो आवाज तुझा होता."

मी वरच्या पायऱ्या मोजायला लागलो.

"गप्पच राहा. आत्ता तो फक्त कामचुकार आहे. तू खरं बोललास तर तो एंजिनापाशी होता असं होईल. मग एंजिन बंद कुणी केलं? मग तो महादेवाचं पाणी तोडणारा मुसलमान. कळतंय का तुला?"

कळत होतं. घाटावर गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बुधवारी शेवटी पंपघर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

चाचा तेलाच्या फडक्याने हात पुसत होते, ते पुसतच राहिले.

"तुझे किसने बोला था?"

"तुम्हाला वाचवायला..."

"मी बुडत होतो?" त्यांनी कोनाड्यातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे टाकला. तो त्यांचा खुलासा होता, रविवारीच कुणाकडून तरी लिहून घेतलेला. त्यात एकच ओळ होती. मी माझ्या जागेवर हजर होतो.

"हे देणार होतो मी. तू मला उचललंस आणि जिथे मी नव्हतो तिथे नेऊन उभं केलंस. रावसाहेबाने सर्क्युलरने बोलावलं, तू आवाजाने नेलंस. फरक काय राहिला?"

मी तो कागद घडी करून कोनाड्यात ठेवला. मग त्यांनीच विचारलं, "ते गोत्राचं खरं आहे? हजेरीत होतो म्हणजे मी पण काश्यप?"

"हो."

"घरी सांगू नको. बीवी म्हणेल, आता या वयात नवीन सासर कुठून आणलं." हसले, खोकले. मग म्हणाले, "विहिरीत हातभर पाणी राहिलं होतं. आणखी ओढलं असतं तर संध्याकाळी गावाला गाळ. मी बंद केलं. उद्या तसंच सांगेन. तुझं नाव येणार नाही."

त्या वाक्यानंतर मला बसवेना, उभंही राहवेना.

गुरुवारी रावसाहेबांच्या खोलीत चौघे. रावसाहेब, हेडक्लार्क, चाचा, आणि जबाब लिहायला मी. चाचांनी सांगितलं तसंच सांगितलं. रावसाहेबांनी हजेरीपट पुढे ओढला.

"मी काय म्हणतो... इथे तुम्ही हजर आहात. एक तर हजेरी खोटी, नाही तर तुम्ही."

"मी खोटं बोलत नाही, साहेब."

"मग हजेरी खोटी?"

"ते मला ठाऊक नाही."

माझा टाक कागदावर टेकलेला तसाच राहिला, खाली शाईचं डबकं झालं. घशाला खाज नव्हती. माझा स्वतःचा आवाज कसा आहे हे मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. बारीक निघाला.

"हजेरी खोटी आहे."

हेडक्लार्कने डोळे मिटून घेतले.

"कशावरून?"

"मी ओ दिली. त्यांच्या आवाजात."

"काढ बघू."

असली फर्माईश रोजची. मी टाक खाली ठेवला. दोन कोरडे, एक ओला. "हाजिर, साब!" दाराबाहेरच्या शिपायाने डोकं आत घातलं, मिस्त्रींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोकं काढून घेतलं. हसलं कुणीच नाही. चाचा खिडकीबाहेर बघत होते.

रावसाहेबांनी हजेरीपट मिटला. मग चाचांना म्हणाले, "पिंड अर्धी उघडी राहिली हो. लोक मला विचारतात."

"साहेब, त्या संध्याकाळी नळाला पाणी आलं. ते कुणी विचारलं?"

रावसाहेबांनी समोरचं फुलपात्र उचललं, आत बघितलं, आणि न पिता खाली ठेवलं.

मिस्त्रींचा मेमो मागे घेतला. मोठं मन वगैरे नाही, दुसऱ्या कुणाला ते एंजिन सुरू करता येत नव्हतं. पण गोष्ट गावात फुटायची ती फुटलीच. दोन दिवस पंपघराच्या पत्र्यावर दगड पडले. माझा हंगाम शनिवारी संपवला.

सोमवारी पत्र्याची ट्रंक घेऊन सिन्नरच्या मोटारीकडे निघालो आणि पाय पंपघराकडे वळले. चाचा दगड वेचून ओट्याच्या कडेला रचत होते. आभाळ कोरडंच होतं.

"निघालास?"

"हो."

"पुन्हा कधी माझा आवाज काढलास तर गैरहाजिर म्हण. तेवढा हक्क राहू दे माझा." मग एंजिनाकडे बघून खास त्याच्यासाठीचे दोन शब्द बोलले. "सकाळपासून रुसलंय. ट्रंक ठेव तिकडे. ते हँडल धर. तोंड बंद, हात चालव."

मी धरलं. पहिल्या फेरीला काही नाही, दुसऱ्या फेरीला हँडलने असा उलटा हिसका दिला की खांदा निखळतो की काय. चाचा ओरडले, "सोडू नको!" आठव्या-नवव्या फेरीला टक झालं, मग टक-टक. विहिरीतून पाणी वर चढायला लागलं. माझी मोटार तोवर निघून गेली होती.