गोणपाटातला विळा

साखरपुडा आमच्याच घरी करायचा ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आला आचाऱ्याच्या भट्टीचा. लातूरच्या आमच्या गल्लीत मंडप टाकला की रस्ता संपतो. भट्टीला जागा उरली ती गॅरेजमध्येच. गॅरेज नावालाच, त्यात गाडी कधी लागली नाही. चाकूरजवळच्या गावातलं जुनं घर काकांनी उतरवलं तेव्हा तिथली अवजारं पप्पांनी टेम्पोत घालून इथं आणली आणि शटर ओढून घेतलं. त्यानंतर ते फक्त दसऱ्याला अर्धं वर व्हायचं. पप्पा वाकून आत जायचे, हळद-कुंकू वाहायचे आणि केसांत जाळी घेऊन बाहेर यायचे.

मला भट्टीची काळजी नव्हती. मला तुपाची होती.

आमच्या घरात साखरपुड्याच्या पंगतीत मुलीनं सासरच्या माणसांना तूप वाढायचं असतं. काम एवढंसंच. पण मी डावखुरी आहे. शाळेत त्याचं कुणाला काही वाटलं नाही. इंग्रजी शाळा होती. मिस फक्त मला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायच्या, शेजारणीच्या कोपराला धक्का लागू नये म्हणून. घरी मात्र आत्या होती. पप्पांची थोरली बहीण, मुरुडला दिलेली. ती आली की प्रसाद घेताना, रांगोळी काढताना, चहाचा कप पुढे करताना एकच वाक्य ऐकू यायचं, "हात बदल." रागानं नाही. संध्याकाळी दिवा लाव म्हणावं, इतक्या सहज. मी हात बदलायचे.

उजव्या हातानं जेवणं लहानपणीच जमलं. वाढणं कधीच जमलं नाही. उजव्या हातात पळी धरली की ती दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात आहे असं वाटतं. कधी किती कलेल सांगता येत नाही. साखरपुडा ठरल्यापासून मी स्वयंपाकघराचं दार लोटून, वाट्या मांडून, पाण्यानं सराव करत होते. ओटा ओला व्हायचा. वाट्या नाही.

नांदेडच्या माझ्या होणाऱ्या सासूबाईंना तोवर मी दोनदाच भेटले होते. त्या कमी बोलतात आणि बघतात सगळं. मीही तशीच आहे, त्यामुळे ते मला लगेच कळलं, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटली.

गॅरेज रिकामं करायच्या दिवशी आत्या उलट्या घमेल्यावर बसून हुकूम सोडत होती. शटर अडकलं होतं. पप्पांनी तेल सोडलं, आम्ही दोघांनी मिळून जोर लावला, आणि ते एकदम कर्रकन वर गेलं. आतून गंजाचा आणि जुन्या कडब्याचा वास आला. समोरच तीन पाय वर करून एक लाकडी वस्तू भिंतीला टेकलेली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काय म्हंजे? तिफण हाय, पेरायची!" आत्या म्हणाली. "एवढी फी घेऊन इंग्रजी शाळेत तिफण न्हाई का दावली?"

"शाळेत ट्रॅक्टर होता, आक्का," पप्पा म्हणाले. "तो बी चित्रात."

मग एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. वखराची लोखंडी पास, कोळपं, पहार, फवारणीचा पंप. दोऱ्यांनी विणलेल्या दोन जाळ्या निघाल्या. मला वाटलं भाजीच्या पिशव्या असतील. ती बैलांच्या तोंडाला बांधायची मुस्की होती. आत्या एवढी हसली की घमेलं हललं. पप्पा मात्र प्रत्येक वस्तू हातात घेऊन म्हणत होते, "हे राहू दे."

"हे बी राहू दे, ते बी राहू दे! मंग आचारी कुठं बसावा, तुझ्या डोक्यावर?"

शेवटी तिफण गच्चीवर न्यायचं ठरलं. पण ती नायलॉनच्या दोरीनं भिंतीवरच्या पाइपाला आवळलेली होती आणि गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. "त्या गोणपाटात विळे हायेत बघ, त्यातला एखादा घे," पप्पा म्हणाले.

गोणपाट उघडलं. आत चार-पाच विळे होते. आत्या बघत होती म्हणून मी पहिला उजव्या हातात घेतला. तो दोरीवरून नुसता घसरत राहिला. दुसरा घेतला, तोही तसाच. मला नवल वाटलं नाही. कात्री असो, सुरी असो, माझ्या हातात सगळं तिरकंच जातं. तिसरा विळा जरा लहान होता, मूठ काळी पडलेली. तो कधी डाव्या हातात गेला मला कळलंही नाही. दोन ओढींत दोरी तुटली.

मी दुसरी दोरी कापली. तीही तुटली. मग मुद्दाम उजव्या हातात घेऊन पाहिला, तर विळा घसरला. पुन्हा डाव्यात घेतला, आणि दोरी कापली गेली. मी तो बाकीच्या विळ्यांशेजारी धरून पाहिला. विळ्याचे दाते पात्याच्या एकाच अंगाला कापलेले असतात. बाकी सगळ्यांचे एका अंगाला होते आणि याचे त्याच्या उलट अंगाला.

एवढा वेळ माझा डावा हात चालला होता आणि मागून "हात बदल" आलं नव्हतं. मी वळून पाहिलं. आत्या विळ्याकडे बघत होती.

"तो आण हिकडं," ती म्हणाली.

तिनं तो डाव्या हातात घेतला. पात्यावरून अंगठा फिरवला. मग उजव्या हाताची मूठ हवेतच कशाभोवती तरी वळली आणि विळा तिच्याखालून सर्रकन निघून गेला. तिच्या डाव्या हाताला पदर सावरण्यापलीकडे काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"घावला का तुझा विळा?" पप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुला ठाऊक न्हाई? आक्का डावरी हाय की."

माझ्याशिवाय सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या मते सांगण्यासारखं काही नव्हतं.

"गव्हाच्या काढणीला मी लई मागं पडायचे," आत्या म्हणाली. "बाया हसायच्या. मंग दादांनी, तुझ्या आज्यानं, लोहाराम्होरं बसून ह्यो उलटा घडवून घेतला. त्याच्या नंतर कोण हसतंय! माझी पात, माझ्या वाट्याच्या वळी, सगळ्यांच्या आधी संपायची. पर मला कडंचीच पात द्यायचे, बांधाकडची. शेजारणीला लागू नये म्हणून."

मला शाळेतला बाक आठवला.

मी सहसा असं विचारत नाही, पण त्या दिवशी विचारलं, "मग मला का हात बदलायला लावायचीस?"

ती नखानं गंज खरवडत राहिली. "मला कुणी बदलायला लावलं न्हाई म्हणून. आमच्या घरी शेतात डावा चालायचा, घरात बी चालायचा. मुरुडला गेले, पयल्याच पंगतीला डाव्यानं तूप वाढलं. सासू ताटावरून उठली. बोलली काही न्हाई. उठली, हात धुतला, आत गेली."

"मग?"

"मंग काय? शिकले उजवा. सांडत सांडत."

पप्पा कापलेल्या दोरीच्या गाठी उगीच सोडवत बसले होते.

खरं सांगायचं तर या गोष्टीनं मला धीर आला नाही. आधी नुसती भीती होती. आता तिला ताटावरून उठणारी एक बाई मिळाली होती.

साखरपुड्याच्या दिवशी गॅरेजमध्ये भट्टी धडधडत होती. मंडपात सतरंज्यांवर पंगत बसली. मी डाव्या हातात तुपाचं भांडं आणि उजव्यात पळी घेऊन निघाले. होणाऱ्या सासऱ्यांच्या भातावर तूप पडलं, दोन थेंब ताटाच्या काठावर. त्यांच्या भावाला वाढताना सतरंजीवर. पुढचं ताट सासूबाईंचं होतं. पळी एका बाजूला कलायला लागली होती आणि त्या पळीकडेच बघत होत्या.

"हात बदल," मागून आवाज आला.

आत्या पोळ्यांची दुरडी घेऊन उभी होती. मी पळीकडे पाहिलं. पळी उजव्याच हातात होती.

"बदल म्हटलं ना. डाव्यानं वाढ. त्येंच्या लुगड्यावर सांडशील." आणि मग सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "विहीणबाई, पोरगी डावरी हाय आमची. माझ्यावर गेली." असं म्हणून तिनं दुरडी उजव्या कडेवर घेतली आणि डाव्या हातानं शेजारच्या ताटात पोळी वाढली.

मी हात बदलला. सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. उठायचं असलं तर माणूस आधी गुडघा हलवतं.

"हाव का?" त्या म्हणाल्या. "आमचे हे दोन्ही हातांनी तूप मागतेत. तुमी कोनत्याबी हातानं वाढा. वाढ की बाई, भात गार होऊन राहिला."

पंगत हसली. सासरे सगळ्यांत मोठ्यानं हसले. मी पळी कलती केली. तूप बारीक धारेनं बरोबर भाताच्या मधोमध पडलं, आणि त्यांनी हात आडवा धरेपर्यंत पडत राहिलं. गुडघे हलले नाहीत.

पुढच्या सगळ्या ताटांना मी डाव्यानंच वाढलं. थेंब सांडला नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण मागे एकदा वळून सतरंजी पाहून घेतली.

दुपारी उशिरा आम्ही घरच्या बायका जेवायला बसलो. आत्यानं संध्याकाळच्या गाडीनं मुरुडला निघायचं म्हणून पिशवी जवळच ठेवली होती. वरच्या जुन्या साडीच्या घडीतून विळ्याची काळी मूठ दिसत होती.

"हा कशाला?" मी विचारलं.

"म्हशीला गवत कापायला," ती म्हणाली. मग माझ्या ताटाकडे बघून, "जेवायला मातर उजवाच बरं का."

मी उजव्यानंच जेवत होते. खूप भूक लागली होती.