फाईलमधून काढलेली अकरा पानं

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी, तीही चौथीपर्यंतच. ही वही कुणाच्या हाती लागली तर चुका पोटात घालाव्यात. तोंडानं बोलायचं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

माझी मुलगी नववीत आहे. शाळेत रोबोट करणाऱ्या मुलींची टीम होती, त्यात ती आणि तिची मैत्रीण सगळ्यात पुढे. मैत्रीण आमच्याच गावातल्या शुक्रवार पेठेतली, वडील टेम्पो चालवतात. मुलींनी एक लहान गाडी केली होती, ती लोखंडी पंजानं ठोकळे उचलायची. स्पर्धा पुण्याला होती. गाडी चालवून दाखवायचं एक बक्षीस, आणि ती कशी घडली याची फाईल देऊन परीक्षकांसमोर मुलाखत द्यायची, त्याचं दुसरं. मुलींचा डोळा दुसऱ्यावर होता. ते मिळालं तर दिल्लीला जायचा खर्च स्पर्धावाले करणार होते. नाही मिळालं तर शाळेकडे पैसे नव्हते, टीम तिथंच संपणार होती.

मुलाखतीची तयारी आमच्याच खोलीत चालायची. मी भिंतीला टेकून विड्या वळायची. मैत्रीण माझा चष्मा लावून परीक्षक व्हायची.

"सांगा, तुमची गाडी किती वेळा पडली?"

"पडली नाही सर, दमून बसली."

"काकी, नापास करा हो हिला!"

मग दोघी इंग्रजीत शिरायच्या आणि मला फक्त हसणं कळायचं.

जायच्या दोन दिवस आधी दुपारी मुली माझ्या विड्यांना दोरा आणायला बाहेर गेल्या. फाईल माझ्यापाशी होती, सुटी पानं घातलेली. तिला वरून नवा कागद घालावा म्हणून मी उघडली. मधली अकरा पानं बघून मी हातातली विडी खाली ठेवली. डिंकाचे डाग, खाडाखोड, पंज्याच्या चित्रावर लाल फुली आणि खाली मोठ्या अक्षरात 'फेल'. एकावर नाही, अकराही पानांवर.

कारखान्यात माल द्यायला जाताना आम्ही घरीच एक-एक विडी बघतो. वाईट असेल ती काढून टाकतो. माल तपासणाऱ्या चेकरच्या नजरेला चार वाईट पडल्या की तो चांगल्याही फेकतो. वीस वर्षं मी हेच केलं. मला वाटलं, पोरींच्या लक्षात आलं नसेल. विचारलं तर मुली हसतील, म्हणून त्या परत यायची वाटही बघितली नाही. पानं काढली, बाकीची सरळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवताना विड्यांच्या कातरलेल्या पानांच्या कचऱ्याबरोबर ती अकरा पानं चुलीत गेली. त्याच दिवशी मैत्रीण फाईल बाइंडिंगला घेऊन गेली आणि दुकानातून परस्पर शाळेतल्या बाईंकडे दिली. पुण्याला परीक्षकांपुढेच ती उघडली.

परत आल्यावर मुलगी दारातच बोलायला लागली. मैत्रीण तिच्यामागे उभी होती.

"सरांनी विचारलं, पंजा का बदलला? आधीचा कुठं चुकला ते दाखवा. आम्ही पानं उलटतोय, उलटतोय, आणि नाहीतच! म्हणाले, न चुकता कुणी काही बनवतं का? ही फाईल नंतर बसून लिहिलेली दिसते."

"मी होती तशीच दिली दुकानात," मैत्रीण म्हणाली.

"मग पानांना पाय फुटले?"

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. "काकी, तुमच्याकडे होती ना फाईल? तुम्ही बघितली असतील की ती पानं."

माझ्या हातातली विडी मी वळत राहिले. "मला काय वाचता येतंय बाळा," मी म्हणाले.

मैत्रीण गेली ती परत आमच्याकडे आली नाही. शाळेत तिला पानं फाडणारी म्हणतात. बक्षीस गेलं, टीम मोडली. माझी मुलगी वर्गात आता वेगळ्या बाकड्यावर बसते आणि घरी रोबोटचं नाव काढत नाही.

माझ्या मुलीच्या पुण्याच्या गाडीभाड्याचे आणि स्पर्धेच्या फीचे पैसे मैत्रिणीच्या आईनं भरले होते. मी दर आठवड्याला, मजुरी मिळाली की थोडे नेऊन द्यायची. दर वेळी वाटेत वाक्य जुळवायची. पानं मी काढली. एवढंच तर बोलायचं होतं.

"या की ताई, चहा तरी घ्या," मैत्रिणीची आई म्हणायची. "आमची पोरगी लई गप झाली बघा. म्हणती, अम्मी, मी काय बी केलं नाय. मी म्हणलं, मला म्हाईत हाय गं, पण लोकांला कोण सांगणार?"

मी पदर तोंडाशी धरून बसायची. चहा प्यायची. उठायची.

काल शेवटचे पैसे होते. दार मैत्रिणीनंच उघडलं. आई बाजारात गेली होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. तिनं नोटा घेतल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईनं लिहिलेले आकडे बघितले आणि दोनदा मोजलं.

"काकी, अजून काही?" तिनं विचारलं.

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मग झाले पूर्ण," ती म्हणाली आणि कॅलेंडरवर रेघ मारली.