तात्यांचं पथ्य

पायाच्या नखांना लाल पॉलिश लावलेल्या बाईला शेजारचे तात्या मोजे घातल्याशिवाय अंगणात येऊ देत नसत. लाल दिसलं की कासव धावून चावायचं. त्याला तो टोमॅटो वाटायचा. कासव धावतं म्हटल्यावर लोक हसायचे. त्यांनी माझ्या मावशीचा अंगठा बघायला हवा होता.

कासव खरं माझं. मी शाळेत असताना कपिलधारच्या डोंगरात सापडलेलं, पाठीवर चांदण्यांची नक्षी. असलं कासव पाळायला बंदी आहे हे पाटोद्यात आमच्या गल्लीत कुणाच्या गावीही नव्हतं. आमच्याकडे सगळी फरशी, तात्यांच्या अंगणात माती, म्हणून ते राहायला तिकडे. पहिल्या दिवशी मी दूध-भाकर कुस्करून त्याच्यापुढे ठेवली, तर तात्यांनी ताटली उचलून म्हशीपुढे सरकवली. "अगं माय, त्याच्या आज्यानं कवा दूध पिलतं का?"

मग त्याचं खाणं तात्यांनी ठरवलं. घोळीची भाजी, आघाडा, गळालेली जास्वंद, काटे घासून काढलेली निवडुंगाची बोंडं. एवढं खाऊनही ते भिंतीचा चुना चाटत बसायचं. माझी आई म्हणाली, खुळं आहे. तात्या म्हणाले, "चाटू द्या. पाट टणक कशी व्हईल मग?" पुढे ते अंड्याची टरफलं कुटून पाल्यावर भुरभुरायला लागले. स्वतः माळकरी, घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही, म्हणून टरफलं आमच्याकडून न्यायचे, पुडीत बांधून, चोरासारखे इकडेतिकडे बघत. तेव्हा मला ते फार आवडायचे.

एका एकादशीला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कासवाला भगर वाढली. घरात सगळ्यांचा उपास, मग त्याला एकट्याला कशाला वगळायचं, असा त्या माउलीचा हिशेब. तात्या दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. प्रसादाचा शिरा घेऊन आलेल्या पोरांना तर फाटकातूनच हाकलायचे. "गोडानं त्याचं पोट सडतंय बे," म्हणायचे.

मी नर्सिंग शिकायला बीडला गेले तेव्हा कासव त्यांच्याच भरवशावर ठेवलं. फोनवर मी विचारायचे, "खाल्लं का त्यानं?" तात्या म्हणायचे, "त्यानं खाल्लं. तू खाल्लं का ते सांग."

दिवाळीत मी घरी आले तर अंगणात कासव नाही. "शिरलं असंल मातीत कुटं तरी," तात्या म्हणाले. सगळी सुट्टी मी कडबा उपसत होते आणि तात्याही माझ्या बरोबरीने उपसत होते. ते आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

कारण पुढे मैत्रिणीच्या मोबाइलवर मी व्हिडिओ पाहिला. आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत. देवघरापुढे परातीत माझं कासव, पाठीवर हळदकुंकू. शेपटीजवळच्या टवक्यावरून मी ओळखलं. शेजारी तात्या हात जोडून उभे. पुढारी विचारतो, "काय तात्या, पेढा चालतो का याला?"

"चालतो की, साहेब. लई आवडतो."

मी तडक घर गाठलं. तात्यांनी काही लपवलं नाही. "पोराला साहेबाच्या संस्थेत चिकटवायचं होतं, माय."

"दिलंत ते दिलंत," मी म्हणाले. "पण पेढ्याला हो कशाला म्हणालात?"

"साहेबाला न्हाई कसं म्हणायचं?"

कासव त्यांनी देऊन टाकलं, हे मी एक वेळ गिळलं असतं. पोराच्या पोटासाठी माणूस काय करत नाही. पण त्याला काय सोसत नाही हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांनीच ते हसत हसत खाऊ घालू दिलं, हे मला गिळवत नाही.

होळीच्या आत कासव मेलं. बंगल्यावरून तात्यांना निरोप आला, दुसरं मिळेल का. मी सणाला घरी आले होते, सकाळी काकू आमच्या दारात आल्या. मी विचारलं, तात्या कुठे आहेत?

"डोंगरात गेलेत," त्या म्हणाल्या. "हुडकायला."