पुलापर्यंतची जागा

आबाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेलूबाजारहून मंगरूळला जाणाऱ्या एसटीत बसले होते, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आज पुलापाशी उठायला नको. सांगायची लाज वाटते, पण आला खरा...

आबाजी माझे चुलत आजोबा. पंचाहत्तरी उलटून प्रवास फुकट झाला, तसे ते रोज सकाळी मंगरूळला नुसता चहा प्यायला जाऊ लागले. मी त्याच गाडीने अभ्यासिकेत जाते, स्पर्धा परीक्षेसाठी. गाडीतला वाचायचा वेळ मला हवा असायचा आणि जागांवर सगळे त्यांच्यासारखे चहावाले. एकदा उभ्या उभ्या मी बोललेच, "आबाजी, तिकीट काढणारे उभे आन् फुकटवाले बसेल हायेत. हा कोनता न्याय?"

"तुहं तरी कुठं पूर्ण हाय? बायायले अर्धं." मग बराच विचार करून म्हणाले, "अर्ध्या वाटेपरेंत तू बस. मी उभा राह्यतो. पूल आला का उठजो."

दुसऱ्या दिवसापासून मला न्याय मिळाला आणि इज्जत गेली. म्हातारा दांडी धरून उभा, पोरगी पुस्तक उघडून बसलेली. मागून कोणीतरी म्हणायचंच, "आजकालच्या पोरायले लाज नाही." आबाजी खुलासा करायचं सोडून बारीक कण्हायचे. पूल आला की मी उठायची, मागून "आली अक्कल" ऐकू यायचं, आणि आबाजी मला डोळा मारून ऐटीत बसायचे.

हिवाळ्यात त्यांचे गुडघे सुजले. मी आधीच उठले.

"पूल आला काय?"

"नाही. पन बसा ना तुमी."

"मंग बस खाली. सरकारचं फुकट घेतो, आता तुही दया कायले घेऊ?"

त्या दिवशी पुलापर्यंत माझं एक पानही उलटलं नाही...

आबाजींना जाऊन महिना होऊन गेला. आता त्यांच्या जागेवर मंगरूळपर्यंत बसता येतं, तरी पूल आला की मी उठते. परवा शेजारच्या मावशीने विचारलं, "काहून उठली वो? उतरतं काय?"

"नाही. माही अर्धी वाट झाली."

तिने मला खालून वर पाहिलं, मांडीवरची पिशवी उचलली आणि त्या जागेवर ठेवून दिली.

"मावशी, पिशवीचं तिकीट काढलं का?" मी विचारलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "आजकालच्या पोरायले लाज नाही."