किमतीच्या मानाने

माझ्या मामेसासऱ्यांना लाज नव्हती. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. कुणाला उंची नसते, कुणाला गाता गळा नसतो, तशी त्यांना लाज नव्हती. त्यांच्या वाट्याची लाज घरातल्या बाकीच्यांना वाटून घ्यावी लागे, आणि मी सून असल्यामुळे त्यातला मोठा हिस्सा माझ्याकडे येई. गिरगावातल्या ज्या ज्या खानावळीत, इराण्याकडे आणि लग्नाच्या मांडवात मी त्यांच्याबरोबर गेले, तिथल्या फरशा मला अजून पाठ आहेत, कारण मान वर करायची सोयच नसे.

मामी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून मामा आमच्याकडे राहत. चाळीतल्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीतला खिडकीजवळचा पलंग त्यांचा. फोर्टातल्या एका जहाज कंपनीत त्यांनी जन्मभर आलेली बिलं तपासली होती. माल काय आला, दर काय लावला, आणि तो का लावला, हे विचारायची त्यांना पगारी सवय होती. नोकरी संपली तरी सवय संपली नाही. पुढे ती सगळी जेवणावर आली. ते घासाघीस मात्र कधी करत नसत. बिल होईल ते देत, वर वाढणाऱ्यालाही ठेवत. "पैसे मी देणारच, सूनबाई," ते म्हणायचे, "पण कशाबद्दल देतोय ते मला कळायला नको?" कळून घेण्याची त्यांची रीत अशी होती की आजूबाजूच्या चार टेबलांनाही ते कळे.

त्यांचा निकाल नेहमी कशाच्या तरी मानाने असे. मी तेव्हा नोकरी करत होते. सकाळी गाडीला पळता पळता केलेल्या माझ्या स्वयंपाकाला "घाईच्या मानाने बरा" हा शेरा ठरलेला. माझ्या लग्नात भर पंगतीत आग्रह करायला आलेल्या माझ्या वडिलांना त्यांनी हात धरून थांबवलं आणि सांगितलं, "व्याही, मठ्ठा उत्तम. जिलबी खर्चाच्या मानाने फिकी. हलवायाने फसवलंय तुम्हाला." वडिलांच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी अंतरपाटापलीकडे जे पाहिलं नव्हतं ते मला त्या क्षणी दिसलं: हे घर मला सोपं जाणार नाही.

खानावळीत गेले की मामा आधी स्वयंपाकघर बघायला मागत. मग पेल्यातलं पाणी हुंगत. एकदा तर शेजारच्या खानावळीतून तळलेल्या सुरमईची तुकडी कागदात बांधून घेऊन आले आणि या खानावळीच्या तुकडीशेजारी ताटात मांडून बसले. मालक धावत आला. त्याला वाटलं काहीतरी केस-माशी निघाली. मामांनी त्याला खुर्ची दिली आणि दोन्ही तुकड्या चाखायला लावल्या. "आता तुम्हीच सांगा, दोन आणे जास्त कशाचे?" मालक बिचारा खरंच खाऊन बघत होता. तेवढ्याने भागलं नाही. पलीकडे एक गृहस्थ सहकुटुंब जेवत होते, त्यांना मामांनी विचारलं, "तुमच्या घरी याहून बरं होतं का हो?" त्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याने भातात तोंड घातलं. मी हात धुवायच्या निमित्ताने उठले ती पैसे देऊन होईपर्यंत मोरीतच उभी राहिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मामा सत्याग्रह करून तुरुंगात गेले. आमच्या ह्यांचा ऊर भरून आला, माझाही आला. सुटून आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी हार, गुलाल, सगळं होतं. कुणीतरी दोन शब्द बोलायचा आग्रह केला. मामा पायरीवर चढले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आमटी पातळ होती. भाकरी मात्र चुलीवरची. फुकटच्या मानाने तक्रारीला जागा नाही." आणि खाली उतरले. घोषणा द्यायला हात वर करून उभे असलेले लोक एकमेकांकडे बघत राहिले.

त्याच सुमारास आमच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर मालवणकडच्या एका वहिनींनी खानावळ काढली. नवरा परळच्या गिरणीत होता. कापसाने छाती भरली, काम सुटलं. वहिनींनी हातातल्या पाटल्या मोडल्या आणि संगमरवरी टेबलं, पंखा, चिनीमातीच्या बश्या असा थाट केला. पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन मासळी त्या स्वतः आणत. मनासारखी मिळाली नाही तर दारावर खडूने 'आज मासे नाहीत' लिहून डाळभातावर भागवत. शिळं ठेवत नसत, खोबरं पाट्यावर वाटत. अर्थात दरही लावला होता, शेजारच्यांच्या जवळजवळ दीडपट. "दिवाळीपर्यंत चालला तर चालला," त्या मला म्हणाल्या होत्या, "नायतर गावाक जावचा लागात." गावाला तरी काय होतं? दिराचं घर आणि दिराचं तोंड.

गल्ली दारात उभी राहून वास घेई आणि पुढे जाई. गिरगावकर चार आणे जास्त द्यायला तयार असतो, पण ते दिल्याबद्दल कुणी हसायला नको असतं. म्हणून सगळे मामांच्या निकालाची वाट बघत होते. ते एकदा 'परवडतं' म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी त्या टेबलांना जागा उरली नसती.

मामा पहिल्या दिवसापासून तिथे जात होते. रोज. माशांच्या तिखल्याचा रस्सा भाताच्या शेवटच्या शितापर्यंत पुरवत, सोलकढीचा पेला डोळे मिटून रिकामा करत. मी विचारलं, "मग काय ठरलं?"

"एका जेवणावरून निकाल देणं अन्यायाचं होईल."

"महिना झाला, मामा."

"पावसात मासळी नसते, तेव्हा ही बाई काय करते ते बघायला हवं."

पाऊस येऊन गेला. 'मामा काय म्हणतात?' असं गॅलरीतून कुणी विचारलं की मी 'अजून जेवतायत' एवढंच सांगे. शेवटी मी चिडून म्हटलं, "आवडलंय ना? मग सांगून टाका एकदा. ती बाई खोळंबलीय."

"आवडणं वेगळं आणि परवडणं वेगळं," मामा म्हणाले आणि चपला घालून जेवायला निघून गेले.

मग त्याच लढ्यातला तो हरताळ आला. दुकानं, हॉटेलं, ट्राम, सगळं बंद. लालबाग-परळहून गिरणी कामगारांचे जथे चालत चौपाटीच्या सभेला येत होते. मामा छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला लावून आमच्या गल्लीतल्या दुकानांच्या फळ्या लागल्यात की नाही बघत हिंडत होते. वहिनींचं दार बंद होतं, पण मामांच्या नाकाला डाळीच्या फोडणीचा वास लागला. ते मागच्या बोळात गेले. दार उघडं, आत माणसं पंगतीला बसलेली, वहिनी वाढतायत, आणि जेवून उठलेला प्रत्येक माणूस दाराजवळच्या डब्यात नाणं टाकून बाहेर पडतोय. जन्मभर बिलं तपासलेल्या माणसाला आणखी पुरावा काय लागतो?

मामा गल्लीच्या मध्यावर येऊन उभे राहिले आणि ओरडले, "हरताळात मागच्या दाराने जेवण विकताहेत! या, बघा!"

सगळ्या गॅलऱ्या भरल्या. खालून आमच्याच चाळीतली पाचसात पोरं बोळात घुसली. मी जिने उतरून पोचेपर्यंत कुणाचा तरी पाय लागून भाताचं पातेलं कलंडलं होतं. वरून गॅलरीतल्या बायाही 'शरम नाही का' म्हणून बोलून घेत होत्या. तेवढ्यात पंगतीतला एक पिकल्या मिशांचा कामगार हातातला घास तसाच धरून उठला.

"कोण विकतंय रं? भोईवाड्यातनं चालत आलोय आम्ही. ह्या माऊलीनं हाक मारून बसवलं. एक पैसा घेतला न्हाई."

"मग तो डबा?" मामांनी विचारलं.

"तुरुंगात गेलेत त्यांच्या पोराबाळांसाठी हाय त्यो. चौपाटीवर न्यायचाय. तुमीबी टाका काही असलं तर."

पोरं मागच्या मागे पांगली, गॅलरीतली डोकी आत गेली. मामांनी टोपी काढून हातात धरली होती. मी त्यांना सतरा ठिकाणी बघितलं होतं, पण त्यांचा चेहरा असा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. कान लाल, आणि नजर थेट फरशीवर.

वहिनी कलंडलेल्या भाताचा वरचा स्वच्छ थर हाताने परातीत काढून घेत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मामानू, ता मगे बघूया. आता वाटेतसून बाजूक व्हा. मागसून आणखी माणसां येतत."

मी घरून तांदूळ आणले आणि चुलीवर चढवले. रडायला वेळ नव्हता. माणसं खरंच येत होती. मामा बाजूला झाले नाहीत. त्यांनी पाण्याची कळशी उचलली आणि संध्याकाळपर्यंत पंगतीला पाणी वाढत राहिले. कुणी 'बस' म्हणालं की खांदे पाडून पुढच्या पानाकडे जात.

दुसऱ्या दिवसापासून मामा घरोघर जाऊन सांगू लागले, "माझी चूक झाली. त्या बाईंचा दोष नाही." आता हे सगळ्यांना ठाऊकच होतं. लोक म्हणत, "हो मामा, चहा घ्या," आणि मामा तो चहा काही न बोलता पीत. पण खानावळीकडे कुणी फिरकेना. आधी निदान दारात उभं राहून वास घेत होते. आता त्या बाजूच्या फुटपाथनेही जात नव्हते. ज्या बाईचा भात आपल्या पोराने सांडला, जिला आपण वरून 'शरम नाही का' म्हटलं, तिच्या टेबलावर जाऊन 'एक राइसप्लेट' कुठल्या तोंडाने म्हणायचं? बदनामी झाली असती तर एक वेळ पुसता आली असती. शरमेने बंद पडलेली खानावळ कशी चालू करायची, ते ना मामांना कळलं ना मला. मी गेले एकदोनदा. चार टेबलं रिकामी, पंखा फिरतोय, गल्ल्यावर वहिनींचे यजमान खोकतायत. मामा तर तिथे पुन्हा बसलेच नाहीत.

दिवाळी यायच्या आत वहिनींनी आवरतं घेतलं. गावाला मात्र गेल्या नाहीत. त्या पिकल्या मिशांच्या कामगाराने भोईवाड्यात खोली बघून दिली. गिरणी कामगारांना दोन वेळचं घालणारी खानावळ. संगमरवरी टेबलं विकली, कारण तिथे पंगतच बसणार होती, आणि मासळीही धक्क्यावरची परवडणार नव्हती. जायच्या दिवशी त्या आमच्याकडे निरोप घ्यायला आल्या. मी कुंकू लावलं. मामा पलंगावर भिंतीकडे वळून बसले होते.

वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मामानू, इतके महिने जेवलास. आता तरी सांगा, माझा जेवाण पैशाक लायक होता की नाय?"

मामा उठून उभे राहिले.

"होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून होतं."

वहिनींनी मान हलवली. रागावल्या नाहीत, सुस्कारा नाही. पदर खोचत एवढंच म्हणाल्या, "ह्या तेवाच सांगूक व्हया होता," आणि जिना उतरून गेल्या.

त्यानंतर मामा कुठल्याही खानावळीत गेले नाहीत. लग्नात गेले तर वाढलेलं खाली मान घालून संपवत आणि यजमानांना हात जोडून निघत. मला सुटका वाटायला हवी होती, आणि पहिले काही दिवस वाटलीही. घरी पान वाढलं की न विचारता म्हणत, "छान झालंय, सूनबाई." घाईच्या दिवशीही छान, सणाच्या दिवशीही छान. करपलेली पोळीसुद्धा छान. पुढे पुढे तो शब्द मला ऐकवेना.

एका रविवारी मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. ह्यांना मुलांना घेऊन मैदानावर पाठवलं होतं, जेवायला आम्ही दोघंच. त्यांच्यासमोर बसले आणि बघत राहिले. मनात म्हणत होते, बोला, मामा. सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडा. त्यांनी पहिला भुरका घेतला, क्षणभर थांबले, आणि मग भात कालवून सगळी आमटी संपवली.

"छान झालीय, सूनबाई."

मी मिठाचं भांडं त्यांच्या पानाकडे सरकवलं. त्यांनी ते हलकेच परत माझ्याकडे सरकवलं, आणि आणखी थोडी आमटी मागितली.