शिवणीवरची तीन टिंबे

सोमवारी दुपारी कल्याणच्या एका भातगिरणीत इंजिनाच्या सिलिंडरला चीर गेली. घरगुती दुरुस्तीची जुनी दुकाने पाहत मी फिरत होतो; बुधवारी सकाळी ठाण्यात उतरलो. देश स्वतंत्र होऊन तेव्हा सात वर्षे होत आली होती.

तिथल्या कोपरीत मला लेथचे (धातू कातायच्या यंत्राचे) एक घरगुती दुकान पाहायचे होते. ते बंद झाले होते. लेथ मोडीत गेला, एवढेच शेजारच्या मीठवाल्याने सांगितले. लेथच्या जागी कांद्याची पोती होती.

डोंबिवलीत उतरताना माझ्या ट्रंकेची कडी तुटली. स्टेशनाबाहेर स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याने ती रिबिट ठोकून बसवली आणि सांगितले की काम पाहायचे असेल तर कल्याणला गणपतरावांकडे जा, ते गिरणीचे इंजिन शिवतायत. शिवतायत, हाच शब्द त्याने वापरला.

कल्याणच्या बाजारामागे एक खोली. तीत गणपतराव, त्यांची सून सुमनबाई आणि पायाने चालवायचा लेथ. गणपतरावांचे हात वर्षभर कापत होते, म्हणून काम सून करत होती. बीड (ओतीव लोखंड) सहसा डाखाला (धातू वितळवून केलेल्या जोडाला) दाद देत नाही, म्हणून चीर शिवायची. चिरेवर भोक पाडायचे, त्यात तांब्याचा स्क्रू पिळून बसवायचा, पुढचे भोक त्या स्क्रूचा थोडा भाग खाऊन पाडायचे. चीर दीड वीत होती. दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि सुकटीची (वाळवलेल्या जवळ्याची) चटणी खाऊन सुमनबाई पुन्हा कामाला बसल्या.

मालकाने गुरुवारपर्यंत मुदत दिली होती. सिलिंडर थंड ठेवणारे पाणी शिवणीतून पाझरले तर मुंबईहून नवे इंजिन येणार, सोबत विकणाऱ्यांचा मिस्त्री. या दुकानाकडे ही एकच गिरणी उरली होती.

गुरुवारी सकाळी सिलिंडर गिरणीत चढवला. नव्या इंजिनाचा एजंट आधीच हजर होता.

"काका, बीड म्हणजे काय सदरा आहे शिवायला?"

"सदरा फाटला की तुम्ही नवा विकता," गणपतराव म्हणाले. "आम्ही शिवतो."

या घरात शिवणीच्या टोकाला तीन टिंबे ठोकतात, तीच कारागिराची सही. काम ज्याचे, ठोकाही त्याचाच, आणि तो पाणी भरण्यापूर्वी. काम फसले तरी टिंबे घासून काढत नाहीत. अख्खी शिवण एकटीने करायची सुमनबाईंची ही पहिलीच वेळ; टिंबे त्यांनी आजवर कधी ठोकली नव्हती. गणपतरावांनी पंच (टिंबे ठोकायचा टोकदार खिळा) त्यांच्यापुढे धरला.

आधी चालवून तरी बघा, मग नाव घाला, असे एजंटने सुचवले.

"चालल्यावर कोणीही नाव घालतं," सुमनबाई म्हणाल्या आणि तीन ठोके दिले.

खाली कागद ठेवा, थेंब लपणार नाही, असे एजंटचे म्हणणे पडले. मी माझे वर्तमानपत्र दिले. सुमनबाईंनी ते स्वतः शिवणीखाली पसरले. पाणी भरले. इंजिन दहा वाजता सुरू झाले. तासाभराने एजंटने शिवणीवरून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले आणि ते कोरडेच बोट रुमालाला पुसले. जेवणाच्या सुटीनंतर तो दिसला नाही.

पाच वाजता मालकाने इंजिन थांबवले. सुमनबाईंनी वर्तमानपत्र घडी घालून मला परत दिले.

शुक्रवारी रात्री साताऱ्यात घरी पोचल्यावर ट्रंक उघडली. कडी शाबूत होती. वर्तमानपत्र दिव्याखाली उलगडले. पहिल्या पानावर तेलकट अंगठ्याचा एक ठसा होता. पाण्याचा डाग नव्हता.