बत्तीबाबूंचं वावर

वणीत श्रीकृष्णराव पांढरीपांडे कोण, असं विचारलं तर चार माणसं डोकं खाजवतील. बत्तीबाबू म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवेल. राजूरकडच्या एका कोळसाखाणीवर त्यांची सगळी नोकरी बत्तीघरात गेली. खाली उतरणाऱ्या कामगारांना टोपीवरचे दिवे द्यायचे आणि पाळी संपली की ते परत घ्यायचे, ती खोली म्हणजे बत्तीघर. दिव्याला नंबर आणि नंबराला खुंटी. खुंटी रिकामी दिसली की समजायचं, तो माणूस अजून जमिनीखाली आहे. सगळ्या खुंट्या भरल्या की बाबू डबा उचलून घरी निघत. एक जरी रिकामी असली, तर घरी सत्यनारायण का असेना, ते जागचे हलत नसत. नोकरी सुटली, ही खोड काही सुटली नाही.

आता मात्र पंचाईत अशी होती की घरात वाट पाहायला माणूसच उरलं नव्हतं. रत्नप्रभाबाई गेल्या त्याला काही वर्षं झाली. एकुलता अनिकेत पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. पोरगं संध्याकाळी खोलीवर पोचलं का, एवढंच बाबूंना रोज हवं असायचं. सुरुवातीला ते फोन करून विचारायचे. अनिकेत म्हणायचा, बाबा, मी काय लहान आहे का. मग म्हणायला लागला, मीटिंगमध्ये आहे. मग फोन आपोआप रविवारवर येऊन बसला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ऊन फार आहे का, बरं ठेवू का. एवढ्यात चहासुद्धा निवत नाही. पुण्याला गेल्यापासून त्याच्या बोलण्यातलं ‘मले’, ‘तुले’ही गेलं होतं. बाबूंना कधी कधी वाटे, कस्टमर केअरचाच फोन आहे.

दिवाळीला अनिकेत आला तेव्हा पत्त्यांच्या जोडाएवढं एक काळं खोकं घेऊन आला. ते त्यानं टीव्हीच्या मागे जोडलं, वायफायशी त्याची गाठ मारून दिली आणि बापाला समजावून सांगितलं. खेळाचं मोठं मशीन पुण्याच्या खोलीत आहे. खेळ तिथंच चालतो, चित्र तेवढं नेटवरून इथं येतं. आपण वणीत बसून बटणं दाबायची, धावपळ पुण्यात होते. बाबू म्हणाले, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. अनिकेत हसला आणि दिवाळीचे सगळे दिवस टीव्हीपुढे बसून शेळ्या हाकत राहिला. बाबू मागच्या खुर्चीवर बसून त्याची पाठ पाहत. पोरगं घरी आलं होतं आणि तरी पुण्यातच होतं. जाताना खोकं काढायला गेला आणि म्हणाला, राहू द्या, पुढच्या वेळी लागेल.

पुढची वेळ काही लवकर आली नाही. एका संध्याकाळी बातम्या लावता लावता बाबूंकडून रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि ते खोकं जागं झालं. पडद्यावर निळी पाटी आली. मशीन सध्या वापरात आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा. बाबूंनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. मशीन वापरात आहे म्हणजे कुणीतरी ते वापरतंय. ते आहे अनिकेतच्या खोलीत. म्हणजे अनिकेत खोलीवर पोचला. खुंटीवर दिवा आला.

त्या दिवसापासून बत्तीबाबूंची ड्युटी पुन्हा सुरू झाली. दिवेलागणीला हातपाय धुवायचे, देवापाशी निरांजन लावायचं आणि मग टीव्हीपुढे बसायचं. पाटी आली की जीव भांड्यात पडायचा आणि मग मुगाची खिचडी टाकायची. फोन नाही, विचारणं नाही, पोराला त्रास नाही. दुधाची तहान ताकावर भागवणं म्हणा हवं तर. पण ज्याच्या घरात ताकही नाही त्यानं काय करावं, हे शहाण्यांनी सांगावं.

उन्हाळा लागला तेव्हा एक दिवस पाटी आली आणि बसल्या बसल्या निघूनही गेली. मशीन मोकळं होतं आणि पडद्यावर सरळ खेळच उघडला. खेळ शेतीचा निघाला. एक झोपडी, एक विहीर, दाराशी लाकडी पेटी आणि समोर वाफे. गवताच्या टोपीतला एक माणूस मध्ये उभा होता. अनिकेतनं दिवाळीत सोडलेला कंट्रोलर बाबूंनी हातात घेतला आणि जी बटणं दिसतील ती दाबून पाहिली. माणूस आधी विहिरीला धडकला, मग कुंपणाला. शेवटी एकदाचं त्याच्या हातून झारीतलं पाणी वाफ्यावर पडलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर तिथं अंकुर. आणि त्या अंकुराशेजारी कुणीतरी बुजगावणं उभं केलेलं.

पांढरीपांड्यांच्या सात पिढ्यांत कुणी शेती केली नव्हती. पण रोज पाटी गेली की बाबू आत शिरून पाणी घालत गेले. एकदा भोपळा तयार झाला, तो त्यांनी दाराशी पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी भोपळा नाही, त्याच्या जागी मासा. त्या घरात आलेला हा पहिला मासा. बाबूंनी सवयीनं नाक मुरडलं आणि मग एकटेच हसत बसले. अनिकेतनं त्यांच्यासाठी ठेवला होता ना. मग रोजचंच झालं. हे वांगी ठेवत, तिकडून कधी मध यायचा, कधी रंगीत दगड. ज्या पोराशी फोनवर चार वाक्यं धड व्हायची नाहीत, त्याच्याशी ही देवाणघेवाण बिनबोभाट चालली होती.

शेजारच्या इंदूबाई, ज्यांचं कळंबच्या वाटेला कापसाचं वावर होतं, एकदा भाजीची वाटी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. म्हणाल्या, “बाबूजी, म्हातारपणी वावर घेतलं काय तुम्ही?” मग खुर्चीच्या हातावर टेकून त्यांनी सगळं नीट पाहून घेतलं. निंदन नाही, फवारणी नाही, रानडुकरं नाहीत आणि एका रात्रीत भोपळा. असं वावर मले भेटलं असतं तं मीबी बसूनच केलं असतं, म्हणाल्या. बाबूंनी त्यांना सांगितलं की हे अनिकेतचं वावर आहे, दोघं मिळून करतो. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढलाच.

फोनवर मात्र ते याबद्दल कधी बोलले नाहीत. बोललं तर बिघडेल अशी भीती. पोरगंही बोलत नव्हतं, त्याचं त्यांना कौतुकच वाटे. एकदाच त्यांनी हळूच म्हणून पाहिलं की यंदा भोपळे मस्त आले. अनिकेत म्हणाला, हो का, इंदूमावशींच्या वावरात का? बाबूंना वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. दिवसभर ते त्या चेष्टेवर खूश होते.

पोळा झाला त्या आठवड्यात एका संध्याकाळी नवीनच पाटी आली. मशीन सापडत नाही. बाबूंनी खोकं काढून पुन्हा लावलं, वायफायचा डबा बंद करून सुरू केला. इथलं सगळं ठीक होतं. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्याही. फोन लावला तर वाजून वाजून बंद. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्यांना काय काय दिसलं ते इथं लिहीत नाही. बत्तीघरात कायदा साधा होता. दिवा आला नाही तर विचारत बसायचं नाही, माणूस शोधायला निघायचं. सकाळी त्यांनी पिशवीत दोन शर्ट आणि गोळ्या टाकल्या, किल्ली इंदूबाईंकडे दिली आणि पुण्याची ट्रॅव्हल्स गाठायला स्टँडकडे चालते झाले.

तिथं बाकावर बसले असताना अनिकेतचा फोन आला. एवढे मिस्ड कॉल कशाला, झालं काय, असं विचारत होता. आवाज धडधाकट होता. बाबू बाकावरून उठून उभे राहिले.

“तू बरा आहेस ना? तुझं मशीन तीन दिस झाले बंद आहे. मले वाटलं…”

“कुठलं मशीन?”

“खेळाचं. तुझ्या खोलीवरचं.”

“ते माझ्याकडे कुठंय बाबा? मी होळीलाच ती खोली सोडली. ऑफिसजवळ घेतली दुसरी. सांगितलं होतं ना? नाही? राहिलं असेल. मशीन सलीलकडेच आहे, माझा रूममेट होता बघा तो, त्याच्याकडे. मी कुठं खेळतो आता.”

समोर चंद्रपूरची एसटी लागली होती. माणसं चढत होती. बाबूंच्या मनात एकच हिशेब सुरू झाला. होळी. म्हणजे दिवाळी ते होळी पाटी खरी होती. अंकुर, बुजगावणं, मासा, मध, सगळं होळीनंतरचं. बत्तीघरात एकदा लखीरामनं आपल्या दिव्याबरोबर भाऊ देवसिंगचाही दिवा आणून टेकवला होता आणि बाबूंनी वर न पाहता दोन्ही खुंट्या भरल्या होत्या. देवसिंग पुढच्या पाळीला जांभया देत वर आला, खाली झोप लागली होती त्याला. निभावलं. पण त्यानंतर तोंड पाहिल्याशिवाय बाबूंनी कुणाचा दिवा घेतला नाही. आणि पोटच्या पोराचं तोंड न पाहता किती महिने दिवा घेत बसले. त्यांना रडू आलं नाही, लाज वाटली. आपण एका परक्या पोराच्या दारात भोपळे ठेवत होतो.

अनिकेत बोलतच होता. त्याला आता एका गोष्टीचा उलगडा होत होता.

“थांबा, म्हणजे ते तुम्ही होतात का? मागच्या आठवड्यात सलीलचा मेसेज होता. मला काही कळेना, हा काय बोलतोय.”

“काय लिवलं त्यानं?”

अनिकेतनं मेसेज शोधून वाचला. “चार दिवस गावी चाललोय. मशीन बंद राहील, उगाच काळजी करत बसू नको. तू गेल्यापासून खोलीवर कुणी फिरकत नाही. पण खेळात रोज येऊन पाणी घालतोस, बरं वाटतं यार.” वाचून तो हसला. “त्याला वाटलं मीच येतो. बघा काय गंमत.”

“तू काय उत्तर दिलं?”

“द्यायचं राहिलं.”

 खोली बदलल्याचं पोटच्या पोरानं कळवलं नव्हतं. मशीन चार दिवस बंद राहील, हे त्या परक्या पोरानं कळवलं होतं, चुकीच्या माणसाला का होईना. तिकडे पुण्यात एक जण एकटाच बसून भोपळा पाहतो आणि म्हणतो, अनिकेत येऊन गेला. इकडे वणीत एक जण मासा पाहतो आणि तेच म्हणतो. आणि अनिकेत दोन्हीकडे नव्हता.

“त्याले हो म्हणून लिव,” बाबू म्हणाले.

“म्हणजे?”

“‘मीच येतो’ असं तू त्याले लिव.”

“अहो बाबा, पण ते तर तुम्ही…”

“अनिकेत, त्याच्या मेसेजले उत्तर दे. आजच दे.”

शाळेत असताना एकदा बापाचा हा आवाज त्यानं ऐकला होता, त्यानंतर नाही. तो नुसता हं म्हणाला. तेवढ्यात कंडक्टरनं चंद्रपूर चंद्रपूर करून हाक घातली आणि ती फोनमधून पुण्याला पोचली असावी. अनिकेतनं विचारलं, “बाबा, तुम्ही स्टँडवर काय करताय?”

आता बापानं सांगायला हवं होतं. तुझ्यासाठी पिशवी भरून निघालो होतो, हे ऐकण्याइतका तो पोरगाही दगड नव्हता. माझ्या हातात असतं तर मी फोन ओढून घेऊन सांगितलं असतं. पण बाबू म्हणाले, काही नाही, सहज फिरायले आलतो. अनिकेत म्हणाला, ऊन आहे, घरी जा. आणि मग मीटिंग होती.

बाबू घरी आले. इंदूबाईंनी किल्ली देताना पिशवीकडे पाहिलं आणि पुणं इतक्यात झालं का, असं विचारलं. पोरगं बरं आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावला नाही, दुसऱ्याही नाही. निरांजन लावल्यावर हाताला काही काम नसायचं. खिचडी लवकर व्हायची.

मग एका संध्याकाळी त्यांनी खोकं लावलं. मशीन वापरात आहे, अशी पाटी आली. सलील गावाहून परतला होता. बाबूंनी अनिकेतला फोन केला नाही, तो कुठं असेल ते त्यांना माहीत नव्हतं आणि विचारायची सवय मोडली होती. ते पाटीसमोर बसून राहिले. पाटी गेली तसं आत शिरले. वाफे कोरडे पडले होते, दाराशी पेटीत मासा होता. बाबूंनी एकेका वाफ्याला झारीनं पाणी घातलं. मग अनिकेतच्या नावानं त्यातला मोठ्यात मोठा भोपळा पेटीत ठेवला आणि टीव्ही बंद केला.